शार्पन करताना प्रिव्ह्यूची छोटी खिडकी वापर

मंगेशीच्या दीपस्तंभाचा तुझा फोटो चांगलाच आहे, पण शार्पन, म्हणजे कडा ठळक करणं, जरा जास्त झालंय. पांढऱ्या स्तंभाच्या कडेला, पावसाळी आभाळाला लागून, एक फिकट रेघ उमटलीय बघ. पूर्ण फोटो स्क्रीनवर बसवून बघितलास तर ती कळणार नाही, कारण तेव्हा सॉफ्टवेअर फोटो लहान करून दाखवतं.

फोटोशॉपमध्ये अनशार्प मास्क हा शार्पन करायचा फिल्टर उघडलास की त्याच्या डायलॉग बॉक्समध्ये प्रिव्ह्यूची छोटी खिडकी येते. तिच्याखालच्या अधिक-उणेनं झूम १००% वर आण; तेव्हाच फोटोतला एक पिक्सेल स्क्रीनवरच्या एका पिक्सेलएवढा दिसतो. मग मोठ्या फोटोवर स्तंभाच्या कडेवर क्लिक कर, खिडकीत नेमका तोच भाग येईल. आत माऊस दाबून ओढलास तर चित्र सरकतं, नुसता दाबून धरलास तर मूळ फोटो दिसतो, सोडलास की बदललेला. दोन-चारदा दाब-सोड कर, ती रेघ लगेच डोळ्यात भरेल. मग रेडियस, म्हणजे कडेपासून किती पिक्सेलपर्यंत बदल व्हावा तो आकडा, कमी कर. माझ्या मते अमाउंटपेक्षा (शार्पनच्या जोरापेक्षा) आधी त्यालाच हात लावावा. एकदा आभाळावरही क्लिक करून बघ, तिथं दाणे उठले असतील तर थ्रेशोल्ड (किती फरक असला तर शार्पन व्हावं ती मर्यादा) थोडा वाढव.

‘प्रिव्ह्यू’ची चौकट मोठ्या फोटोसाठी आहे, तिच्यातली टिक काढली तरी छोटी खिडकी चालूच राहते. नवखे इथंच गोंधळतात. आकडे अगदीच बिघडले तर ऑल्ट दाबून धर, ‘कॅन्सल’चं ‘रिसेट’ होतं.

गिंप या दुसऱ्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये करणार असशील तर ‘स्प्लिट व्ह्यू’ लाव, म्हणजे एका बाजूला मूळ नि दुसऱ्या बाजूला बदललेला फोटो दिसेल, आणि मधली रेघ स्तंभावर ओढून आण.