‘तज्ज्ञांचं ऐकायचं की नाही, मॅडम?’

पाऊस लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. पूल जुने झालेत, धरणांची दारं थकलीत असं तज्ज्ञ सांगतात. ते ऐकून काहीजण झोप घालवून बसतात, काहीजण ‘हे दरवर्षीचंच’ म्हणून सोडून देतात. मी समुपदेशक, त्यामुळे माझ्याकडे अर्थातच झोप घालवलेले येतात.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले एक काका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) २०२४च्या पावसाळ्यात आले. ७ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला होता. १०च्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या १९ नंबर दाराची साखळी तुटून दार वाहून गेलं. काकांची लेक सदाशिवगडला दिलेली, नोकरी कारवारात. म्हणजे रोज काळी ओलांडणं आलंच. शेजारचा नवा पूल शाबूत होता, तरी काकांचे फोन दिवसभर चालू.

‘सगळे खोटं बोलूलेत बघा,’ काका म्हणाले. ‘महाडचा सावित्रीचा पूल २०१६च्या मे महिन्यात तपासून बरा आहे म्हणाले, ऑगस्टात वाहून गेला. आता हे धोक्याचं, ते धोक्याचं म्हणतात. कुणाचं खरं धरायचं?’

मुद्दा बिनतोड होता. अशा वेळी श्वास मोजायला लावणारे पुष्कळ आहेत; मी त्यातली नाही. भीतीमागे माणसाचा कसला हट्ट आहे ते आधी शोधावं, असं मी मानते. फाउंड्रीत काय करायचा, विचारलं. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तपासायचे.

‘क्रॅक दिसला तर?’

‘नग बाजूला काढायचा.’

‘म्हणजे तो उद्या तुटणार?’

‘तसं कोण सांगणार? दहा वर्षं चालंल, नाहीतर उद्या जाईल. पण बसवायचा नाही.’

‘आणि तुम्ही पास केलेला?’

‘वरून बघितलेला असतोय तो. आत पोकळी असली तर डोळ्याला कुठं दिसतीय?’

एवढं बोलून थांबले. मी मुद्दामच काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की हातचं जातं. बऱ्याच वेळानं स्वतःशीच हसले. ‘म्हंजे आम्ही पण तेच करत होतो की.’

काकांना तज्ज्ञाकडून जामीन हवा होता. तो मिळेना, म्हणून तज्ज्ञ खोटा ठरत होता. हा हट्ट मला जवळजवळ प्रत्येकात दिसतो, आणि तो सुटल्याशिवाय कितीही माहिती द्या, पचत नाही.

तो सुटल्यावर मात्र माहिती लागते. ‘देशातले पूल धोक्यात’ या मथळ्यातून काहीच कळत नाही. कुठला भाग, कसा तपासला आणि काय करायला सांगितलं, ते शोधावं. पुलाचा पाण्याखालचा पाया वरून नजर टाकून समजत नसतो, त्यामुळे ‘तपासला’ एवढ्यावर समाधान मानू नये. तुंगभद्रेचं एक दार गेलं, ३३ पैकी. धरणाची भिंत शाबूत राहिली. कन्नय्या नायडूंसारख्या जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली आठवड्याभरात वाहत्या पाण्यात स्टॉपलॉग (पाणी अडवणारे तात्पुरते अडसर) बसले, तेही तज्ज्ञांचंच काम. शिवाय २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि नंतर धरणांची तपासणी बंधनकारक आहे. ती झाली का, हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो.

काकांनी नव्या पुलाबद्दल तसा अर्ज टाकलाय: पाण्याखालची तपासणी कधी झाली, कशानं झाली. मसुद्यात माझं एक वाक्य त्यांनी खोडलं, ‘मोघम आहे’ म्हणून. लेकीला फोन आता संध्याकाळी करतात.