'स्वसंरक्षणासाठी मारहाण' होते का?

इंदूरच्याच एका बाईंचा प्रश्न आला आहे. त्यांचा भाचा लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता. मराठी मंडळाच्या हस्तलिखितासाठी त्याने त्या क्लबच्या स्टीवन जेरार्ड या खेळाडूवर लेख लिहिला. त्यातले एक वाक्य असे: 'जेरार्डने एका माणसाला मारहाण केली, पण ती स्वसंरक्षणासाठी केल्यामुळे कोर्टाने त्याला सोडून दिले.' आजोबांनी 'मारहाण' खोडून वर 'हाणामारी' लिहिले. भाचा म्हणतो, आता वाक्यच बसत नाही. बाईंना हवे आहे ते हे, की इंग्रजीतल्या 'असॉल्ट'ला मराठीत नेमके काय म्हणायचे, आणि 'स्वसंरक्षण' बरोबर की 'आत्मरक्षा'?

वाक्य बसत नाही हे भाच्याचे म्हणणे खरे. पण 'मारहाण' खटकली हे आजोबांच्या कानाचे कौतुकच. आधी प्रकरण काय होते ते थोडक्यात सांगतो, कारण शब्द त्याच्यावरच ठरणार आहे.

डिसेंबर 2008 मध्ये लिव्हरपूलने न्यूकॅसलला 5-1 असे हरवले. त्याच रात्री जेरार्ड मित्रांबरोबर साउथपोर्टच्या एका बारमध्ये गेला. गाणे बदलण्यावरून तिथल्या एका गृहस्थाशी बोलाचाली झाली. त्या रात्री गाणी लावण्याचे काम त्या गृहस्थाकडे होते आणि ते दुसऱ्याच्या हातात द्यायला तो तयार नव्हता. पहिला तडाखा जेरार्डच्या एका मित्राने दिला, आणि मग जेरार्डने गुद्दे मारले. हे कॅमेऱ्यात दिसत होते आणि त्याने नाकारलेही नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की हा माणूस माझ्या अंगावर येतोय असे मला वाटले. सुरुवातीला त्याच्यावर असॉल्टचाही आरोप ठेवला होता, पण खटला चालला तो 'अफ्रे'चा, म्हणजे सार्वजनिक जागी हिंसा करून लोकांना धास्तावल्याचा. बरोबरच्या इतर आरोपींनी गुन्हा कबूल केला. जेरार्डने केला नाही, आणि जुलै 2009 मध्ये लिव्हरपूलच्या क्राउन कोर्टात ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले.

आता 'मारहाण' आणि 'हाणामारी' घ्या. दोन्हींत धातू तेच, 'मार' आणि 'हाण', फक्त क्रम उलटा. अर्थाची दिशा मात्र पार बदलते. 'त्याने मला मारहाण केली' हे चालते, 'त्याने मला हाणामारी केली' हे कुणीही मराठी माणूस म्हणणार नाही. उलट 'त्या दोघांत हाणामारी झाली' हे सहज आहे, आणि 'त्या दोघांत मारहाण झाली' म्हटले की कान टवकारतात. मारहाणीला एक मारणारा लागतो आणि एक मार खाणारा. हाणामारीला दोन मारणारे लागतात.

हे आपोआप झालेले नाही. संस्कृतात 'केशाकेशि', 'दण्डादण्डि', 'मुष्टामुष्टि' असे समास आहेत. एकमेकांचे केस ओढून, एकमेकांना दंडे हाणून, मुठींनी ठोसे देऊन झालेले युद्ध असा त्यांचा अर्थ, आणि पाणिनीने त्यासाठी वेगळे सूत्रच दिले आहे. मराठीने हा घाट उचलला आणि मनसोक्त वापरला: मारामारी, गुद्दागुद्दी, ओढाओढी, झोंबाझोंबी, ढकलाढकली. मात्र हा नियम डोळे मिटून लावू नये. 'फेकाफेकी' एकटाही करतो, आणि 'शोधाशोध' करायला तर समोर कुणीच लागत नाही. पण मारण्याच्या शब्दांत हा घाट दिसला की दोन बाजू आल्याच.

म्हणजे भाच्याच्या वाक्यात अडचण अशी, की 'मारहाण' म्हणताक्षणी निकाल लागून जातो. मारणारा जबरदस्त, खाणारा बापडा. मग मागाहून 'स्वसंरक्षणासाठी' हे ठिगळ लावले तर ते टिकत नाही. स्वसंरक्षणासाठी कुणी मारहाण करत नाही. करतो तो प्रतिकार. आजोबांच्या 'हाणामारी'ने आरोपी हलका होतो खरा, पण फिर्यादीवर अन्याय होतो, कारण त्यानेही हात चालवला असे ते वाक्य सांगते. जेरार्डच्या खटल्यात तसे ठरले नव्हते. समोरचा अंगावर येतोय हा जेरार्डचा गैरसमज होता, पण तो प्रामाणिक होता, हे त्याचे म्हणणे ज्यूरीने मानले. 'टाळी एका हाताने वाजत नाही' ही म्हण आपल्याकडे अशा वेळी फार लवकर बाहेर काढतात. कायद्याच्या दृष्टीने ती बऱ्याचदा चुकीची असते.

आता 'असॉल्ट'. इथे गंमत आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 351 मध्ये (आता भारतीय न्याय संहितेचे कलम 130, नव्या संहितेतले 351 हे धमकीचे आहे, तेव्हा आकड्यांवर जाऊ नका) असॉल्ट व्हायला अंगाला हात लागावाच लागत नाही. कायद्याने उदाहरणेच दिली आहेत. एकाने दुसऱ्यासमोर मूठ उगारली, हा आता मारणार असे त्याला वाटावे म्हणून, तर झाला असॉल्ट. चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाची मुसकी सोडायला लागला, झाला असॉल्ट. काठी उचलून 'थांब, तुला झोडतो' म्हणाला, तेही तेच. कायद्याच्या मराठी अनुवादात याला 'हमला' म्हटले आहे आणि हिंदीतही 'हमला'च. पण बोलीत याला नेमका शब्द आहे 'हात उगारणे', आणि मोठा प्रकार असेल तर 'अंगावर धावून जाणे'. हात लागला की पुढची पायरी सुरू: बलप्रयोग, मग दुखापत, मग जबर दुखापत.

मराठीत हाताच्याच किती पायऱ्या आहेत पाहा. हात उगारला म्हणजे अजून लागलेला नाही. हात टाकला म्हणजे पहिली आगळीक याची. हात चालवला म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा मारले. आणि हात आवरला म्हणजे थांबायचे कळले. आपण इंदूरकर यात एक गोंधळ घालतो. 'त्याने पहिले हात उठवला' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. हिंदीतल्या 'हाथ उठाना'चा अर्थ मारणे असा असतो, आणि पुण्याच्या पाहुण्याला वाटते की हा माणूस वर्गात उत्तर द्यायला हात वर करत होता. हस्तलिखित मराठी असेल तर 'हात उचलला' लिहावे, आणि नुसता धाक असेल तर 'उगारला'.

'अफ्रे'बद्दल विचारलेले नाही, पण भाचा लेखात तो शब्द आणणारच, म्हणून सांगून ठेवतो. हिंदी कायद्यात रायटला 'बल्वा' म्हणतात आणि अफ्रेला 'दंगा'. मराठी कायद्यात रायट म्हणजे 'दंगा' आणि अफ्रे म्हणजे 'दंगल'. मराठी वर्तमानपत्रात 'दंगल उसळली' म्हणजे शहर पेटले. आणि इंदुरात दंगल म्हणजे कुस्त्यांचा फड. तिथे माती असते, पंच असतात आणि इनाम असते. तेव्हा 'जेरार्डवर दंगलीचा आरोप होता' असे लिहिले तर तीन वाचक तीन गोष्टी समजतील, आणि त्यांतला एक म्हणेल, फुटबॉलपटू कुस्तीत कसा उतरला? 'सार्वजनिक ठिकाणी मारामारीचा आरोप' असे सरळ लिहावे. एक फरक मात्र आहे: आपल्याकडे या गुन्ह्याला निदान दोघे लढणारे लागतात, इंग्लंडच्या 1986 च्या कायद्यात एकटाही तो करू शकतो.

आता 'स्वसंरक्षण' की 'आत्मरक्षा'. व्याकरणाने दोन्ही निर्दोष. 'स्व' आणि 'आत्म' दोन्ही स्वतःकडे बोट दाखवतात. मराठीत रुळलेला शब्द 'स्वसंरक्षण'. 'आत्मरक्षा' आपल्या जिभेवर हिंदीतून येतो, इथल्या शाळांच्या फलकांवर तोच असतो. लिहिला तर पाप नाही, पण 'आत्मसंरक्षण' हे मराठी रूप हाताशी असताना का लिहावा? आणि हिंदी कायद्यात तर याला 'प्राइवेट प्रतिरक्षा' म्हणतात. हा शब्द घडवणाऱ्याने निम्म्यावरच पेन खाली ठेवले असावे.

माझी आवड विचाराल तर 'बचाव'. कारण कायद्याचा हा हक्क नुसता 'स्व'पुरता नाही. न्याय संहितेच्या 35 व्या कलमात स्वतःच्या शरीराबरोबर दुसऱ्याच्या शरीराचाही बचाव येतो, मालमत्तेचाही येतो. मित्रावर कुणी धावून गेले आणि तुम्ही मध्ये पडलात, तर त्याला स्वसंरक्षण म्हणणे ओढूनताणून होईल. बचाव सहज होतो. फक्त फुटबॉलच्या लेखात या शब्दाची त्रेधा उडते. मैदानात बचावफळी, कोर्टात बचाव पक्ष, आणि बारमध्ये स्वतःचा बचाव. 'बचावपटूचा बचाव बचाव पक्षाने मांडला' असे वाक्य होऊन बसेल. जेरार्ड मधल्या फळीतला होता म्हणून भाचा वाचला.

उरली मर्यादा, आणि खरा मजकूर तिथेच आहे. कायदा म्हणतो, धोक्याची वाजवी धास्ती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि ती धास्ती असेतोवर टिकतो (कलम 40). बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ होता तर हा हक्कच नाही (कलम 37). हिंदी कायद्यात 'युक्तियुक्त आशंका' आहे. त्यापेक्षा आपली 'वाजवी' किती बरी! वाजवी भाव, वाजवी भाडे, तशी वाजवी धास्ती. इंग्लंडात थोडे वेगळे आहे. धोका आहे असे आरोपीला प्रामाणिकपणे वाटले असेल, तर ती समजूत चुकीची निघाली तरी चालते. मात्र त्या समजुतीला धरून वापरलेले बळ वाजवी हवे. जेरार्डचा बचाव याच पायावर उभा होता.

किती वाजवी, हे मोजायचे कसे? 1950 मध्ये कटनीला दंगा झाला, त्यातून अमजद खान खटला उभा राहिला. 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले, की अशा गोष्टी सोन्याच्या तराजूत तोलता येत नाहीत. जिवावर बेतलेला माणूस सराफ्यातला काटा घेऊन बसत नाही. पण म्हणून काहीही चालते असेही नाही. समोरचा पडला, पळाला, हात जोडू लागला, की धास्ती संपली. त्यानंतरचा प्रत्येक गुद्दा प्रतिकारात मोडत नाही. त्याला मराठीत 'उट्टे काढणे' म्हणतात, 'सूड' म्हणतात, 'अरे ला का रे' म्हणतात. 'ठोशास ठोसा' हे व्यासपीठावर टाळ्या घेते, कोर्टात दोन्ही पक्षांवर गुन्हा नोंदवून घेते.

आणि नुसत्या शब्दांना तर ठोशाने उत्तर देताच येत नाही. कलम 130 मध्येच लिहिले आहे की केवळ शब्द म्हणजे हमला नव्हे; मात्र हावभावाला शब्दांनी वेगळा अर्थ येऊ शकतो. फुटबॉलपटू एरिक कँटोनाचे उदाहरण भाच्याला पाठ असेल. जानेवारी 1995, लंडनचे सेलहर्स्ट पार्क मैदान. लाल कार्ड मिळून कँटोना बाहेर जात असताना एका प्रेक्षकाने शिवीगाळ केली आणि कँटोनाने कुंपणावरून त्या प्रेक्षकाला लाथ मारली. कँटोनाने गुन्हा कबूल केला. आधी दोन आठवड्यांची कैद सुनावली, अपिलात ती 120 तासांच्या समाजसेवेवर आली. 'मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचे तोंड धरता येत नाही' या म्हणीत आपण बोलणाऱ्याबद्दल तक्रार करतो, पण कायद्याने ती जशीच्या तशी मानली आहे. कँटोनाने जे केले त्याला 'मारहाण' म्हणा, अगदी निःशंक. तिथे आजोबाही पेन उचलणार नाहीत.

एवढे झाल्यावर भाच्याचे वाक्य मी असे लिहीन: 'बारमधल्या भांडणात जेरार्डने एका माणसाला गुद्दे मारले, तो आपल्यावर हल्ला करणार असे वाटल्याने बचावासाठी मारले, हे त्याचे म्हणणे मान्य करून ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले.' लांबले आहे, पण 'गुद्दे मारले' ही घडलेली गोष्ट आहे, निवाडा नाही. 'कोर्टाने सोडून दिले' मी मुद्दाम काढले. सोडून देतात ते चोराला, दम भरून. निर्दोष ठरणे वेगळे.

आणि 'ज्यूरी'ला 'पंच' करू नये, शब्दकोशात तो पर्याय दिसला तरी. आपल्याकडे पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारे, आणि फुटबॉलच्या लेखात पंच म्हणजे शिट्टीवाले. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून आपल्या फौजदारी कोर्टांत ज्यूरीच राहिलेली नाही, त्यामुळे तिच्यासाठी रुळलेला मराठी शब्दही नाही. 'ज्यूरी' तसाच ठेवा. हवे तर पहिल्या उल्लेखात 'सामान्य नागरिकांची निवाडा देणारी मंडळी' एवढे जोडा.