वाचकांचे प्रश्न : सीमेपलीकडे जाणारं पाणी

सिंधू करार स्थगित झाला. मग पाकिस्तानकडे जाणारं पाणी आपण अडवत का नाही? कोयनेचं पाणी डोंगर पोखरून आमच्याकडे आणलंच ना? (वाचक, चिपळूण)

कोयनेत जमतं याला दोन कारणं आहेत. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, आणि सह्याद्रीचा कडा जवळच असल्याने ते पश्चिमेला सोडता येतं. चिनाब खोल दरीतून वाहते, दोन्हीकडे उंच डोंगर. तिचं पाणी वळवायला लांबलचक बोगदे आणि बरीच वर्षं लागतील.

1960 च्या भारत-पाकिस्तान सिंधू करारात रावी, बियास, सतलज भारताकडे आल्या. सिंधू, झेलम, चिनाबचं पाणी मुख्यतः पाकिस्तानला. या तिघींवर भारताला वीजनिर्मिती, मर्यादित सिंचन आणि एकूण 36 लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जागेत फूटभर पाणी) साठ्याची मुभा आहे. एप्रिल 2025 मध्ये करार स्थगित झाला, पण धरणं होती तेवढीच राहिली. चिनाबवरच्या बगलीहारचा रोजच्या वीजनिर्मितीसाठीचा साठा सुमारे 3.26 कोटी घनमीटर. नदीला सेकंदाला हजार घनमीटर पाणी असेल तर तेवढा साठा नऊ तासांत भरतो. पुढचं पाणी सोडावंच लागतं.

खरा त्रास होतो तो वेळेचा. पेरणीच्या तोंडावर धरण भरायला घेतलं तर खालचे कालवे कोरडे पडतात. म्हणून चिनाबवरचं धरण पहिल्यांदा भरायचं ते 21 जून ते 31 ऑगस्टमध्येच, असं करारात लिहिलं आहे.

दुसरं भांडण दरवाजांचं, आणि आमच्या मते तेच सर्वांत किचकट. दरवाजे खालच्या पातळीवर ठेवले की गाळ धुऊन काढता येतो, पण पाणी हवं तेव्हा अडवता-सोडताही येतं. पाकिस्तानला भीती नेमकी हीच. 1978 च्या समझोत्यात चिनाबवरच्या सलाल धरणाची खालची दारं कायमची बंद करायचं भारताने मान्य केलं, आणि जलाशय भराभर गाळाने भरला. बगलीहारच्या वेळी, 2007 मध्ये, करारानुसार वाद सोडवायला नेमलेल्या तटस्थ तज्ज्ञाने दरवाजे मान्य केले. साठा मात्र 3.75 कोटींवरून 3.26 कोटी घनमीटरवर आणला. मग 2013 मध्ये झेलमच्या उपनदीवरच्या किशनगंगा प्रकल्पाच्या प्रकरणात लवादाने गाळ धुण्यासाठी पाणी मृतसाठ्याच्या (धरणाच्या तळाशी राहणारं, वापरात नसलेलं पाणी) खाली उतरवायला मनाई केली. दोन निर्णय, दोन दिशा. पुढची भांडणं तिथूनच निघाली.

तिळारीच्या पाण्यात गोव्याचा वाटा 73.30 टक्के, आमचा, म्हणजे महाराष्ट्राचा, 26.70. गंगेचंही असंच टक्क्यांत का ठरवलं नाही? (वाचक, दोडामार्ग)

तिळारीत धरण आहे, साठा मोजून वाटता येतो. गंगेवरचा फरक्का हा बराज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, तिथे मोठा साठा होत नाही. आलेलं पाणी त्याच दिवशी वाटायचं.

म्हणून 1996 चा भारत-बांगलादेश करार 1 जानेवारी ते 31 मे या काळापुरता आणि दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने चालतो. प्रवाह 70,000 क्युसेक (सेकंदाला घनफूट) किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. 70,000 ते 75,000 असेल तर बांगलादेशला 35,000, उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला 40,000, बाकी बांगलादेशला.

खरी मेख 11 मार्च ते 10 मे मध्ये आहे. या टंचाईच्या दिवसांत दोन्ही देशांना पाळीपाळीने दहा दिवस 35,000 क्युसेकची हमी असते. फरक्क्याला 60,000 च आले, तर पाळी नसलेल्याच्या वाट्याला 25,000 उरतात. 50,000 च्या खाली गेलं की तातडीने बोलणी करायची, एवढंच कलम आहे. किमान किती द्यायचं ते लिहिलेलं नाही. वाटपाचं कोष्टक 1949 ते 1988 च्या सरासरीवर बेतलेलं, आणि वरच्या राज्यांतला उपसा त्यानंतर वाढलेला. कराराची मुदत 30 वर्षांची, म्हणजे डिसेंबर 2026 पर्यंत. नव्याने लिहिताना ही सरासरी आधी बदलायला हवी.

चीनशी ब्रह्मपुत्रेचा करार आहे का? (वाचक, रत्नागिरी)

पाणीवाटपाचा नाही. 1997 च्या संयुक्त राष्ट्रांच्या जलप्रवाह करारावर चीनने विरोधात मत दिलं, भारत तटस्थ राहिला. होता तो पावसाळ्यातली पाणीपातळी कळवण्याचा समझोता, 15 मे ते 15 ऑक्टोबरपुरता. डोकलामच्या भारत-चीन सीमातणावात, 2017 मध्ये, ती माहिती आलीच नाही. 2018 मध्ये पुन्हा सुरू झाली. पूर येण्याआधी काही तास कळलं तर काय वाचतं, हे जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना विचारावं. नवी बोलणी होतील तेव्हा तणावातही आकडे थांबणार नाहीत, हे कलम भारताने पहिलं मागावं.