बहिणीच्या किडनीला सूज आहे, प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा द्यावा का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बहीण 26 वर्षांची, ऐरोलीला राहते. पाय सुजतात, लघवीला फेस येतो, लघवीच्या तपासणीत प्रोटीन 3 प्लस, म्हणजे बरंच जास्त आलं. डॉक्टर म्हणाले, प्रतिकारशक्तीमुळेच किडनीला सूज आलीय, बायोप्सी करू (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासू), बहुधा स्टेरॉइड द्यावं लागेल. घरचे म्हणतात, प्रतिकारशक्ती बिघडली असेल तर ती वाढवायला नको का? गुळवेलीचा काढा सुरू करा.

काढा नको. बायोप्सी करून घ्या. मी डॉक्टर नाही, ठाण्याहून रबाळ्याला नोकरीसाठी जाणारा साधा माणूस आहे, पण 2016 पासून मलाही याच जातीचं दुखणं आहे.

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. त्या वर्षी आरत्या घसा फाडून म्हटल्या, विसर्जनाला पावसात भिजलो आणि घसा धरला, तापही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. दुखणं नाही, जळजळ नाही. आई म्हणाली उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. तीन दिवसांत रंग निवळला आणि औषध लागू पडलं म्हणून सगळे खूश. आता कळतंय, ते औषध न घेताही निवळलं असतं. डिसेंबरात सर्दी झाली आणि पुन्हा तोच चहा.

मग नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर गाठले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, घसा बिघडल्यापासून किती दिवसांनी लघवी लाल झाली? मला वाटलं, ही काय चौकशी. पण अर्धं निदान तिथेच होतं. घसा दुखत असतानाच, एक-दोन दिवसांत रंग बदलला तर आयजीए नेफ्रोपॅथीचा (किडनीत आयजीए नावाचं प्रतिपिंड साचण्याच्या आजाराचा) संशय घेतात. घसा बरा होऊन आठवडा-दोन आठवडे गेल्यावर बदलला तर स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतरची सूज असू शकते. ती मुलांत जास्त दिसते आणि बहुतेकदा आपली आपण उतरते. माझं पहिलं निघालं. हा आजार 1968 मध्ये पॅरिसच्या जाँ बर्जे आणि निकोल ॲंग्ले यांनी पहिल्यांदा वर्णन केला.

पण संशय म्हणजे निदान नव्हे, त्यासाठी बायोप्सीच लागते. बहीण घाबरली असेल म्हणून सांगतो. पोटाखाली उशी देऊन पालथं झोपवतात, कमरेच्या वर सुन्न करायचं इंजेक्शन देतात, सोनोग्राफीत बघत सुई घालतात. ‘श्वास रोखा’ म्हणतात आणि स्टेपलर मारल्यासारखा टक् आवाज होतो. माझे असे दोन टक् झाले. त्यापेक्षा नंतरचे सहा तास उताणं, हलायचं नाही, हेच जास्त कंटाळवाणं. प्रत्येक वेळची लघवी वेगळ्या पारदर्शक बाटलीत धरून खिडकीत ओळीने ठेवली होती, रक्त येतंय का बघायला. बायकोने मोजल्या, चार बाटल्या. चौथी स्वच्छ आली तेव्हा तिने चहा घेतला.

आता मूळ मुद्दा. आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात. एकेका किडनीत अशा सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. इतकं रक्त जिथून जातं तिथे रक्तातला कचराही अडकणारच. माझ्या बाबतीत कचरा असा तयार होतो: आयजीए हे नाका-घशाचं, आतड्याचं रक्षण करणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी). त्याच्या मधल्या, बिजागरीसारख्या भागावर साखरेच्या कणांच्या साखळ्या असतात. माझ्या काही आयजीएंच्या साखळ्यांत गॅलॅक्टोज हा कण कमी असतो. एवढ्यावरून शरीर त्याला परका समजून त्याच्याविरुद्ध दुसरं प्रतिपिंड बनवतं. दोघांचे गठ्ठे होतात आणि गाळणीत बसतात. पावसाळ्यात नाल्याच्या जाळीला पिशव्या अडकतात तसं. फरक इतकाच की पिशव्या नुसत्या अडकतात. इथे त्या गठ्ठ्यांवर शरीराची फौज तुटून पडते आणि त्या मारामारीत जाळीच फाटते. मग रक्त आणि प्रोटीन लघवीत. फाटलेलं जिथे वण होऊन बरं होतं तिथे गाळण्याचं काम कायमचं बंद.

यात किडनीचा स्वतःचा गुन्हा काही नाही, याचा एक सुंदर पुरावा आहे. ज्याला हा आजार आहे हे माहीत नसलेल्या दात्याची किडनी कधी कधी निरोगी प्रतिकारयंत्रणेच्या माणसाला बसवली गेली. थोड्या काळाने तिच्यातले आयजीएचे गठ्ठे विरून गेले. उलट, आयजीएच्या रुग्णाला अगदी निरोगी किडनी बसवली तरी काहींच्या त्या नव्या किडनीत आजार परत येतो.

माझ्या मते घोटाळा आपल्या शब्दातच आहे. ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हटलं की शक्ती आली, आणि शक्ती जास्त असलेली कोणाला नको? इथे शक्ती कमी पडलेलीच नाही, ती चुकीच्या माणसाला मारतेय. तिला काढा पाजून काय साधणार? मीही दोन महिने कडुनिंबावरच्या गुळवेलीचा काढा प्यायलो होतो, आईच्या समाधानासाठी. नेफ्रोलॉजिस्टना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले, “भांडखोर पोराला अजून तूप कशाला?” (2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 जणांच्या यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं आणि आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं. तो वाद यकृताचा. पण ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच पिसाळलीय त्याने हा प्रयोग स्वतःवर का करावा?)

स्टेरॉइड मी सहा महिने घेतलं. चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला, रात्री दोन वाजता भूक लागायची, झोप नाही, साखर वाढली. ती गोळी फौजेलाच आवरते, म्हणून खऱ्या संसर्गाचा धोका वाढतो. सुरू करण्याआधी लसींचं विचारून घ्या आणि मनाने अचानक बंद करू नका. सगळ्यांना ती लागतेच असंही नाही. मला आज फक्त टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी आणि कमी मीठ आहे.

बहिणीचं प्रकरण माझ्यासारखंच असेल असं नाही. 3 प्लस प्रोटीन आणि सूज म्हटल्यावर डॉक्टर आणखी नावं मनात धरतील. या वयाच्या मुलींत ल्युपस (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) बघतातच: सांधे दुखतात का, उन्हात गालावर चट्टे येतात का, केस गळतात का. त्यासाठी रक्तात एएनए, सी3, सी4 या प्रतिकारयंत्रणेच्या तपासण्या करतील. दुसरी शक्यता मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, म्हणजे गाळणीचा पडदा जाड होण्याचा आजार. त्यातल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात पीएलए2आर नावाच्या प्रोटीनविरुद्ध प्रतिपिंड सापडतं, हे 2009 मध्ये कळलं.

आणि एक प्रश्न तिला एकटीला विचारा, घरच्यांसमोर नको: गोरं होण्याची कुठली क्रीम लावते का? केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांना 2021 ते 2023 मध्ये मेम्ब्रेनसचे 22 रुग्ण मिळाले, त्यातले 15 एका विशिष्ट, एरवी कमी दिसणाऱ्या प्रकारचे, आणि त्या 15 पैकी 13 जण अशी क्रीम लावत होते. काही क्रीममध्ये पारा असतो. लावत असेल तर डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

पाय दुखले तरी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या मात्र मेडिकलमधून आणून देऊ नका, त्या किडनीला त्रास देतात.

बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्यात इम्युनोफ्लुरोसन्स नावाचा परिच्छेद असेल, गाळण्यांत काय किती साचलंय ते सांगणारा, आयजीजी, आयजीए, सी3 असे प्लसमध्ये आकडे असलेला. नाव-नंबर झाकून तो इथे टाका. माझ्यात आयजीए 3 प्लस होतं.