कूलंटच्या टाकीत तपकिरी चिकट थर दिसतोय, हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालची, म्हणजे हेडखालची सील) गेलं का?

कूलंटमध्ये ऑइल मिसळलंय असं धरून गाडी उभी करा, पण लगेच हेड खोलायला देऊ नका. उद्यमनगरात गॅरेजवर कामाला आहे, अशा गाड्या येतात. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडा, थोडं कूलंट काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. तांबड्या रश्श्यावर कट येतो तसा तवंग आला तर ऑइलच; तळाला लालसर गाळ बसला तर गंज, बहुतेकदा बोअरचं पाणी ओतल्यामुळं. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, त्यामुळं नुसता ऑइल कूलर (कूलंटनं ऑइल गार करणारा भाग) आतून गळत असला तरी हेच होतं आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) स्वच्छ दिसू शकते. आधी कूलर तपासून घ्या, तो स्वस्तातला भाग. मात्र दोन वेगळ्या जातींचं कूलंट एकत्र झालं तरी चिखल होतो, म्हणून आधी काय ओतलं होतं ते मेकॅनिकला सांगा.