उरलेलं सिरप फ्रिजमधून काढण्याआधी

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची आहे. सर्दी-खोकला आहे, शेंबूड हिरवा येतोय. मोठ्या मुलाचं महिन्याभरापूर्वीचं अँटिबायोटिक सिरप फ्रिजमध्ये आहे. त्याच्या निम्मं दिलं तर चालेल? (महाल)

नाही, ती बाटली बाद समजा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडचं अँटिबायोटिक सिरप पावडरमध्ये पाणी घातल्यापासून फ्रिजमध्येही सातच दिवस टिकतं. शिवाय त्याच्या पाच मिलीत एका बाटलीत 228, तर दुसरीत 457 मिलिग्रॅम औषध असतं. बाटली बदलली की डोस दुप्पट! डोस ठरतो वजनावर. ‘दादाच्या निम्मं’ असा हिशेब नसतो.

हिरवा शेंबूड साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. रंग सोडा, श्वास मोजा. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त, 2 ते 11 महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा जास्त भरले, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला गेला, किंवा बाळ दूध-पाणी घेईनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : पावडरच्या बाटलीत पाणी किती घालायचं? आमच्याकडे फ्रिज नाही. (हिंगणा)

आधी बाटली हलवून पावडर मोकळी करा. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या खाली घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसालाच पाणी समजून थांबणारे बरेच पालक मी पाहिलेत. मग औषध दाट होतं. दर वेळी बाटली हलवा आणि सिरिंजने मोजून द्या, घरातले चमचे सारखे नसतात. फ्रिज नाही हे डॉक्टरांना आधीच सांगा. नागपूरच्या मे महिन्यात माठाजवळ ठेवूनही भागत नाही. पाण्यात विरघळणारी अमॉक्सिसिलिनची गोळी चालणार असेल, तर प्रश्नच मिटतो.

प्रश्न : डोस दिल्यावर बाळ ओकलं तर? जुलाब लागले तर? (कामठी)

अर्ध्या तासाच्या आत ओकलं, तर डॉक्टरांना फोन करा. बहुधा डोस पुन्हा देतात. थोडे जुलाब होतातच, ओआरएस द्या, औषध मनाने थांबवू नका. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर मात्र औषध बंद आणि थेट दवाखाना.

प्रश्न : सोबत खोकल्याचं सिरप द्यावं का? (वाडी)

शक्यतो नको. 2025 मध्ये छिंदवाड्याची लेकरं किडन्या निकामी होऊन नागपुरात आली होती, ती डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपमुळेच. वर्षाच्या वरच्या मुलाला चमचाभर मध द्या, त्याखाली मध नको. आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठीत नसलेली बाटली पिशवीत टाकली असेल, तर ती काउंटरवरच परत करा.