खिशातला चाकू: स्टीलचं नाव नंतर, आधी लॉक बघ

शिरोली एमआयडीसीत स्टोअरला काम, दिवसभर खोकी फोडायची, पॅकिंगच्या पट्ट्या कापायच्या, दुपारी डब्यासोबत एखादा पेरू. त्यासाठी दोन हजारांच्या आत घडीचा चाकू हवाय आणि डी२ स्टीलचा तो काळा 'टॅक्टिकल' डोळ्यांत भरलाय, असं तुझं म्हणणं.

भावा, तो काळा नको.

डी२ आपल्याला नवीन नाही. टूलरूममध्ये पत्रा कापायचे-दाबायचे डाय-पंच त्याचेच करतात. साधारण दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. बारा टक्के ऐकून वाटतं गंजणार नाही, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशीच बांधलं जातं आणि गंज अडवायला थोडंच उरतं. जुलैत भिजलेल्या पँटच्या खिशात चार दिवस ठेव, डाग दिसतील. धार टिकते हे खरं, पण एकदा गेली की घरच्या दगडावर परत आणताना दमछाक होते. शिवाय पात्यावर 'डी२' कोरलंय म्हणून ते नीट हार्डन केलंय असं होत नाही. मी हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे स्टील तापवून कडक करायच्या कामात, पंधरा वर्षं काढली. एकाच बारचे दोन तुकडे, एक सावकाश टेंपर केलेला (कडक केल्यावर परत बेतानं तापवून ठिसूळपणा घालवलेला), एक घाईत उरकलेला. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर दोघांचे आकडे जुळत नाहीत. त्यामुळं स्टीलच्या नावावर मी पैसे टाकत नाही.

मी लॉक बघतो, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणारी पकड. हे शिकायला मला तीन टाके पडले. जत्रेत घेतलेला, नाव-गाव नसलेला एक चाकू होता. कंबरेच्या पट्ट्याला जादा भोक पाडायला टोक दाबलं, लॉकची आतली पत्ती सटकली आणि पातं तर्जनीवर मिटलं. तेव्हा दुकानात चाकू उघड, पातं वर-खाली आणि डावी-उजवीकडं हलवून बघ. खडखड वाजला तर परत दे. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी काउंटरवर हलकेच आपट. लॉक सुटला तर कितीही स्वस्त असो, घ्यायचा नाही. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

तुझ्या कामाला माझी पहिली पसंती फ्रान्सचा ओपिनेल. १८९० पासूनची घडण, लाकडी मूठ, पातळ पातं. पेरूची फोड कापली जाते. जाड पात्यानं ती फुटते. मुठीच्या तोंडाशी फिरवायची कडी असते, ती १९५५ पासून आली. कडी फिरवली की पातं जागचं हलत नाही. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, सात नंबरचं आठ. तुला सात पुरे. पाच नंबर आणि त्याखालच्यांना कडीच नसते, ते घेऊ नकोस. कार्बन आणि स्टेनलेस दोन्हीत मिळतो, आपल्या पावसात स्टेनलेसच घे. एक खोड सांगून ठेवतो: मूठ बीच लाकडाची, ती ओलीनं फुगते आणि पातं उघडता उघडत नाही. मी मेअखेरीस सांध्यात जवसाचं तेल मुरवतो, तेवढ्यावर पावसाळा निघतो. दोन हजारांत बसतो का, ते त्या दिवशीच्या भावावर.

नुसतं फळ आणि टेप एवढंच असेल तर स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स. त्याचं स्टील मुद्दाम थोडं मऊ, रॉकवेल ५५-५६ च्या आसपास. धार लवकर जाते, पण थोडं घासलं की परत येते. मात्र बहुतेक छोट्या मॉडेलांना लॉक नसतो, पाठीमागची स्प्रिंगच पातं धरून ठेवते. ओढून कापायला छान, टोक दाबायला अजिबात नाही. रस्त्यावरचा लाल मुठीचा 'स्विस' बहुधा स्विस नसतो, हे सांगायला नकोच.

खटका दाबला की उघडणारा घेऊच नकोस. शस्त्र कायद्याच्या नियमांत पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असल्याचा उल्लेख आहे आणि आपला चाकू त्याच्या जवळपासही नाही. पण सण, मिरवणुका, निवडणुका आल्या की पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो. त्या दिवसांत गस्तीवरच्या हवालदाराला पेरूची गोष्ट सांगत बसण्यापेक्षा चाकू कामावरच्या लॉकरमध्ये बरा. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना घरी ठेव. उजळाईवाडीहून विमान पकडणार असशील तर चेक-इनच्या बॅगेत.

उरलेल्या पैशांत हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड आण. सायकलवरच्या धारवाल्याकडं देऊ नकोस. त्याच्या कोरड्या चाकावर टोक निळं पडलं की तिथलं टेंपर गेलं, मग कितीही घास, धार दोन दिवस टिकत नाही. दगडावर पाणी टाक, पातं वीसेक अंशांत धर, आधी खरखरीत बाजू, मग बारीक. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला की थांब.